पेनड्राईव्हवर आख्खी सिस्टीम टाकून फिरायचंय, रोजच्या कामाला चालंल का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली
नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेलाय, दुरुस्तीचा आकडा ऐकून घरच्यांनी विषयच बंद केला, नवीन घ्यायला दिवाळी तरी उजाडंल. तोवर दिवसा कॉलेजची लॅब आणि रात्री आत्तेभावाचं लक्ष्मीपुरीत डीटीपीचं दुकान हाय तिथला पीसी. दोन्ही मशीन दुसऱ्याची, त्यामुळं दर वेळी पायथन टाका, एडिटर टाका, ब्राउझरला लॉगिन करा आणि उठताना सगळं पुसून या, निम्मा वेळ ह्यातच जातोय. एकानं सांगितलं की पेनड्राईव्हवर लिनक्स टाकलं की कुठल्याबी मशीनला लावून आपलंच डेस्कटॉप चालू करता येतं, आपल्या फाईली आपलं सेटिंग खिशात, आणि त्या मशीनच्या विंडोजला धक्का न्हाई. घरात ३२ जीबीची एक पेनड्राईव्ह पडलीय. खरंच रोज वापरण्यासारखं हाय का नुसतं यूट्यूबवर दाखवायला बरं?

बावड्याचा_बंड्या
रुफस (बूट होणारी पेनड्राईव्ह बनवायचा विंडोजचा प्रोग्राम) डाउनलोड कर, मिंट लिनक्सची आयएसओ, म्हणजे आख्ख्या सिस्टीमची एक फाईल, घे, स्टार्ट दाब. च्या पिऊस्तोवर तयार. लई विचार करू नकोस भावा.

पेठेतला_पेंग्विन
बंड्या, त्यानं फक्त लाईव्ह चालंल, म्हणजे बंद केलं की सगळं पुसलं, ह्याला तर काम साठवायचंय. जरा नीट सांगतो कारण हितं तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावानं खपवल्या जातात.

साधं लाईव्ह म्हणजे आयएसओमधे एक मोठी दाबून भरलेली फाईल असते, तिला स्क्वॉशएफएस म्हणतात, ती फक्त वाचता येते. चालू झाल्यावर तू जे काय करतोस, फाईल सेव्ह कर, प्रोग्राम टाक, ते सगळं तिच्यावर रॅममधे एक थर टाकून त्यात लिहिलं जातं. मशीन बंद, थर गेला. दुसरं म्हणजे तोच वरचा थर रॅमऐवजी पेनड्राईव्हवरच एका वेगळ्या पार्टिशनमधे म्हणजे कप्प्यात किंवा फाईलमधे ठेवायचा, त्याला परसिस्टन्स म्हणतात. रुफसमधे ३.७ पासून त्याचा स्लायडर आलाय, उबुंटू डेबियनवाल्या आयएसओ निवडल्या की दिसतो. आणि तिसरं म्हणजे सरळ पेनड्राईव्हलाच हार्ड डिस्क समजून पुरतं इन्स्टॉल करणं.

तुझं काम बघता दुसरं किंवा तिसरं. दुसऱ्यात एक खोट हाय जी कुणी सांगत न्हाई, उबुंटू मिंटच्या परसिस्टन्समधे तू अपडेट केलंस तरी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जुनाच चालतो, कारण चालू होताना कर्नल त्या मूळ आयएसओच्या फोल्डरमधूनच उचलला जातो. शिवाय खालच्या फाईलीतलं जुनं तसंच राहतं आणि वर नवीन साठत जातं, दोन-चार मोठे अपडेट मारले की जागा संपली म्हणून बोंब. त्यामुळं परसिस्टन्सवर सगळं अपडेट करत बसू नकोस, ब्राउझर तेवढा कर, आपल्या फाईली ठेव, बास.

उद्यमनगरचा_फोरमन
आमच्या वेळी नॉपिक्स होतं. जर्मनीच्या क्लाउस नॉपर नावाच्या माणसानं २००० साली काढलं, सीडीवरनं आख्खं डेबियन चालायचं. मासिकाबरोबर फुकट सीडी यायची, ती घालून आम्ही कारखान्यातल्या बंद पडलेल्या पीसीतनं ड्रॉइंगच्या फाईली काढल्यात. सीडी ड्राईव्ह असा घरघर करायचा की पलीकडच्या लेथवाल्यानं विचारावं काय झालं.

३२ जीबी तर लई झालं. पप्पी लिनक्स बघ, ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलरनं २००३ ला सुरू केलं. सगळं रॅममधे चढतं, एकदा चढलं की जुन्या मशीनवर पण पळतं, आणि बंद करताना विचारतं सेव्ह करू का.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
पेंग्विनदादा, फोरमनकाका आभार. काल रात्री दुकानात रुफसनं मिंट टाकलं, १० जीबी परसिस्टन्स दिला. चालू झालं, वायफाय पण सापडलं, एकदम खूश. पण मर्दा फायरफॉक्स उघडताना हात जोडून बसायची पाळी. टॅब उघडला की सगळं गोठतंय, माऊस तेवढा हलतोय, परत जरा वेळानं सुरू. आत्तेभाऊ मागं उभा राहून हसालाय. पीसीला ८ जीबी रॅम हाय, निळ्या पोर्टलाच लावली होती. मग अडतंय कुठं?

रंकाळा_रिपेअर
पोर्ट निळं असून काय उपयोग, पेनड्राईव्ह आतनं कसली हाय ते बघ. यूएसबी २.० ची मर्यादा कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाईट, हातात पडतात फार तर तीस-पस्तीस. ३.० ची ५ गिगाबिट. पण तुझं गोठणं त्यानं न्हाई. सिनेमा कॉपी करताना एकच मोठी फाईल सलग लिहिली जाते, ते पेनड्राईव्ह कसंबसं करते. ब्राउझर चालू असला की तो कॅशे, हिस्टरी, कुकी असले बारीक बारीक तुकडे सतत इथं तिथं लिहीत असतो. फ्लॅशला चार केबी लिहायचं झालं तरी आत मोठा ब्लॉक आधी पुसावा लागतो, आणि स्वस्तातल्या पेनड्राईव्हचा कंट्रोलर अगदीच गरीब असतो. तो लिहीत बसतो, तोवर वाचणं पण थांबतं, सिस्टीम पण तिथंच असल्यामुळं सगळंच ठप्प. माऊस रॅममधनं हलतोय म्हणून तेवढा हलतोय.

आणि ३२ म्हणून लिहिलंय ती खरंच ३२ हाय का ते पण तपास. रस्त्यावर मिळणाऱ्या कितीतरी पेनड्राईव्ह ८ च्या असतात आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, ८ भरेपर्यंत सगळं गोड, पुढचं लिहिलेलं हवेत. लिनक्समधे एफ३ नावाचं साधन हाय, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू. आख्खी पेनड्राईव्ह भरून परत वाचून बघतं. आधी ते चालव, मग पुढचं बोलू.

रोज वापरायचं असंल तर पेनड्राईव्हचा नाद सोड. जुन्या लॅपटॉपमधनं निघालेली २.५ इंची साटा एसएसडी आणि तिला यूएसबी ३ चं एन्क्लोजर, म्हणजे यूएसबीला जोडायचा डबा, एवढं घे. यूएएसपी (यूएसबीवर डिस्क वेगानं चालवायची पद्धत) लिहिलेलं एन्क्लोजर बघून घे. मापानं मोबाईलएवढं होतं, पण वेगात जमीन अस्मानाचा फरक, आणि एसएसडीत लिहिण्याची झीज सगळीकडं सारखी वाटून देणारा कंट्रोलर असतो त्यामुळं टिकते पण.

बावड्याचा_बंड्या
मंजे पेनड्राईव्हवर चालवायचा धागा आणि उत्तर काय तर पेनड्राईव्ह घेऊ नको 😂 नाद खुळा

पेठेतला_पेंग्विन
बंड्या थांब की. एसएसडी येईपर्यंत त्याचं भागलं पाहिजे. राजारामपुरी, तुझ्याकडं ८ जीबी रॅम हाय ना, मग एक कर. मिंटचा मेनू आला की ई दाब, लिनक्स नावानं सुरू होणारी ओळ दिसंल, तिच्या शेवटी टोरॅम असं इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप कर आणि एफ१० दाब. सुरुवातीला वेळ लागंल कारण आख्खी आयएसओ, तीनेक जीबीच्या आसपास, रॅममधे उचलली जाते. पण एकदा चढली की प्रोग्राम उघडताना पेनड्राईव्ह वाचायची गरजच न्हाई. ४ जीबी रॅमवर हे करू नकोस, जागाच उरणार न्हाई.

तांबडा_जास्त
टेल्स नावाचं लिनक्स वापर. मागं काहीच शिल्लक राहत न्हाई, सगळं टॉरमधनं, म्हणजे ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधनं. दुसऱ्याच्या मशीनवर तेच बरं.

पेठेतला_पेंग्विन
टेल्स चांगलंच हाय, २००९ पासूनचं काम हाय त्यांचं आणि २०२४ ला टॉर प्रोजेक्टमधेच सामील झालं. पण ते पत्रकार, कार्यकर्ते, ज्यांच्यावर कुणाची नजर हाय अशा लोकांसाठी. ह्या पोराला पायथनची असाइनमेंट करायचीय. टॉरमधनं गेलं की कॉलेजचं पोर्टल आणि बँक दोन्ही दारातनंच परत पाठवतील.

शाळेतल्या_बाई
मी पन्हाळा तालुक्यात शाळेत आहे, आमच्याकडचे संगणक देणगीतले, २ जीबी रॅमचे, काहींच्या हार्ड डिस्कच गेलेल्या. तिथे गेली काही वर्षं मी अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स पेनड्राईव्हवरच चालवते आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

रंकाळा रिपेअर म्हणतात ते लिहिण्याचं दुखणं अँटीएक्स आणि त्याचंच भावंड एमएक्स या दोघांनी चांगलं ओळखलंय. त्यांच्या परसिस्टन्समध्ये दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक बदल लगेच पेनड्राईव्हवर जातो. दुसरीत दिवसभरातले सगळे बदल रॅममध्येच राहतात आणि बंद करताना एकदाच लिहून ठेवले जातात, विचारून. मुलं वर्गात खेळत असताना अडकत नाही. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तर लाईट गेली की फक्त मशीन चालू केल्यापासूनचं काम जातं, पेनड्राईव्ह मात्र शाबूत राहते कारण तेव्हा तिच्यावर काही लिहिणं चालू नसतं. आणि मुलांनी वॉलपेपर बदलून पॅनेल उडवून ठेवलं तर मी बंद करताना "नाही" म्हणते, दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी.

तुम्हाला हवे ते प्रोग्राम एकदा टाकून झाले की रीमास्टर करायचं, म्हणजे वरचा थर खालच्या दाबलेल्या फाईलीतच मिसळून नवी फाईल तयार होते आणि वरची जागा मोकळी. कर्नलही बदलता येतो, त्यासाठी त्यांचं वेगळं साधन आहे. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मी एकदाच लावला आणि रीमास्टर केलं, आता प्रत्येक पेनड्राईव्हवर तो तयारच असतो.

उद्यमनगरचा_फोरमन
बाईंनी कंडका पाडला.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
बाई लई लई आभार, हे ठाऊकच नव्हतं. एफ३ चालवलं, पेनड्राईव्ह खरी निघाली, ३२ ची ३२. टोरॅमनं पण बराच फरक पडला. एक शंका, आत्तेभाऊ म्हणतोय मला पण असंच विंडोज करून दे, म्हणजे घरच्या पीसीवर श्रीलिपीची (मराठी डीटीपीचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) कामं करता येतील. जमतंय का?

रंकाळा_रिपेअर
मायक्रोसॉफ्टचं विंडोज टू गो म्हणून होतं, विंडोज ८ एंटरप्राइझबरोबर आलं, त्याला ठरावीक मान्यता असलेल्याच ड्राईव्ह लागायच्या, आणि विंडोज १० च्या २००४ नंबरच्या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली, त्यांनी काढूनच टाकलं. रुफस अजून तसा ड्राईव्ह बनवून देतं, चालतो पण. पण प्रत्येक नव्या मशीनवर ड्रायव्हर शोधत बसणार, विंडोज पाठीमागं सतत काहीतरी लिहीत असतं म्हणून साध्या पेनड्राईव्हवर तर विचारूच नको, आणि लायसनचं झेंगट हायच. छपाईचं पोटापाण्याचं काम असल्या खेळावर ठेवू नका म्हणावं. दुकानच्या पीसीवर करा, फाईली घेऊन जा.

गोकुळ_शिरगाव_नाईट_शिफ्ट
धागा वाचून मी पण एसएसडीवर मिंट पुरतं इन्स्टॉल केलं, ऑफिसच्या पीसीला लावून, साहेबांची परवानगी घेऊनच. इन्स्टॉल करताना बूटलोडर (सिस्टीम चालू करून देणारा प्रोग्राम) कुठं टाकायचा विचारलं तिथं मी बाहेरची एसएसडीच निवडली होती, दोनदा बघून. आता एसएसडी लावलेली असली की चालतंय, काढली की ऑफिसचा पीसी काळ्या पडद्यावर ग्रब लिहून उभा. विंडोज गेलं का काय? सकाळी साहेब येणार, मदत करा लवकर 🙏

पेठेतला_पेंग्विन
घाबरू नको, विंडोज जागेवर हाय. पीसी चालू करताना बूट मेनू उघड, डेल असंल तर एफ१२, एचपीला एफ९, लेनोव्होला बहुतेक एफ१२. यादीत विंडोज बूट मॅनेजर दिसंल तो निवड. मग बायोसमधे, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधे, जाऊन बूट क्रमात तोच पहिला कर.

गोकुळ_शिरगाव_नाईट_शिफ्ट
आलं!! विंडोज आलं. जीव भांड्यात पडला दादा.

पेठेतला_पेंग्विन
तू बरोबरच निवडलं होतंस, दुखणं इन्स्टॉलरचं हाय आणि लई जुनं हाय. यूईएफआय मशीनवर, म्हणजे हल्लीच्या बहुतेक पीसीवर, मिंटचा इन्स्टॉलर तू काय निवडलंस ते बाजूला ठेवतो आणि त्याला पहिलं जे ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचा कप्पा) सापडंल, म्हणजे आतल्या डिस्कवरचं, तिथंच ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर टाकतो. ग्रब आत, त्याच्या बाकीच्या फाईली बाहेरच्या एसएसडीवर, म्हणून एसएसडी काढली की बिचारा अर्ध्यावर उभा. आणि उलट बाजूनं बघितलं तर तुझी एसएसडी दुसऱ्या मशीनवर चालू पण होणार न्हाई, कारण तिच्यावर बूटलोडरच न्हाई. मंजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच होत न्हाई.

म्हणून राजारामपुरी, तू एसएसडी घेशील तेव्हा आतली डिस्क इन्स्टॉलरला दिसलीच न्हाई पाहिजे असं कर. सगळ्यात सोपं म्हणजे बायोसमधे तो साटा पोर्ट तात्पुरता बंद करायचा, डेस्कटॉप असंल तर आतल्या डिस्कची केबलच काढून ठेवायची. ते जमत नसंल तर लाईव्हमधे जीपार्टेड हा पार्टिशन बदलायचा प्रोग्राम उघडून आतल्या ईएफआय पार्टिशनचे बूट आणि ईएसपी हे झेंडे तेवढ्यापुरते काढायचे, एसएसडीवर आपलं एक छोटं ईएफआय पार्टिशन करायचं, इन्स्टॉल झालं की आतले झेंडे परत लावायचे. परत लावायचं विसरू नको, न्हाईतर आत्तेभाऊ हसायचा बंद होईल.

रंकाळा_रिपेअर
ह्यात माझी भर. नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्याच सिस्टीम चालू होऊ देणारं सेटिंग) बंद करायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू हाय का बघा. विंडोज ११ मधे मालकाला पत्ता नसताना पण एन्क्रिप्शन चालू झालेलं असतं. सिक्युअर बूट बदललं की पुढच्या वेळी निळा पडदा, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती कुणाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलीय कुणालाच ठाऊक नसतं, आणि मग ते मशीन आमच्याकडं येतं. मिंट, उबुंटू सिक्युअर बूट चालू ठेवूनच चालतात, उगाच बंद करू नका. व्हेंटॉय (एकाच पेनड्राईव्हवर अनेक आयएसओ ठेवून चालवायचं साधन) मात्र पहिल्या वेळी स्वतःची की त्या मशीनमधे नोंदवायला लावतं. घरच्या मशीनवर ठीक, दुसऱ्याच्या मशीनवर हे करायला मला तरी आवडत न्हाई.

कॉलेजच्या लॅबचं तर सरळ लॅब असिस्टंटला विचार. बहुतेक ठिकाणी बायोसला पासवर्ड असतो आणि यूएसबीवरनं बूट बंदच असतं. चोरून करायला गेलास तर हॅकिंग करतोय म्हणून आयकार्ड जमा होईल.

शाळेतल्या_बाई
आणखी एक, ही पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटला देऊ नका. लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे लावल्या लावल्या "डिस्क फॉरमॅट करा" अशी खिडकी येते, आणि काउंटरवर गर्दी असली की तो मुलगा न वाचता होय दाबतो. आमच्या एका शिक्षकांची महिनाभर तयार केलेली पेनड्राईव्ह अशीच गेली. प्रिंटसाठी वेगळी साधी ठेवा. तिच्यात शॉर्टकट व्हायरस आला तरी आपल्याकडे लिनक्समध्ये लावली की लपवलेलं फोल्डर सरळ दिसतं, फाईली काढून घ्यायच्या.

उद्यमनगरचा_फोरमन
शॉर्टकट व्हायरस हा आमच्या गावच्या झेरॉक्सवाल्यांचा कुलाचार हाय.

बावड्याचा_बंड्या
😂😂 काका

तांबडा_जास्त
एक विचारू का, मधेच. पुराचं. आमच्या व्हीनस कॉर्नरच्या दुकानात २०१९ ला पाणी आलं तेव्हाचा एक पीसी अजून माळ्यावर हाय, त्यात घरच्या लग्नाचे फोटो. लाईव्ह पेनड्राईव्ह लावून निघतील का?

रंकाळा_रिपेअर
तो पीसी चालूच करू नका. पुराच्या पाण्यात गाळ असतो, डिस्कच्या आत गेलेला असंल तर चालू केल्या केल्या हेड प्लेटवर घासणार आणि जे निघण्यासारखं होतं ते पण जाणार. अशी डिस्क आतनं स्वच्छ करायची खोली असलेल्या रिकव्हरीवाल्यांकडंच द्यायची, खर्चिक हाय पण दुसरा मार्ग न्हाई. डिस्क पाण्यात गेलेलीच नसंल, नुसता पॉवर सप्लाय न्हाईतर मदरबोर्ड गेला असंल, तर डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावा, लाईव्हमधनं डीडीरेस्क्यूनं आधी आख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या आणि मग नकलेवर टेस्टडिस्क, फोटोरेक हे फाईली शोधून काढणारे प्रोग्राम चालवा. मूळ डिस्कवर काय लिहायचं न्हाई. तुमचं दुकान कितव्या पायरीपर्यंत बुडलं होतं त्यावर ठरवा, धाग्यात नको, वेगळा निरोप टाका.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
अपडेट देतो. चुलत्यांच्या जुन्या लॅपटॉपची २५६ जीबीची साटा एसएसडी मिळाली, एन्क्लोजर घेतलं, दुकानच्या पीसीची आतली केबल काढून मिंट टाकलं, केबल परत लावली. आता दुकानात, घरासमोरच्या काकांच्या लॅपटॉपवर, दोन्हीकडं तेच डेस्कटॉप, तेच टॅब. फायरफॉक्स अडकत न्हाई. लॅबचं परवानगीवर अडलंय, सर म्हणाले बघू. पेनड्राईव्हवर बाईंनी सांगितलेलं अँटीएक्स टाकून ठेवलंय, अडीअडचणीला.

दोन तक्रारी राहिल्यात. काकांच्या लॅपटॉपवर वायफायच दिसत न्हाई. आणि मी बसून गेलो की दुकानच्या विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडतं, आत्तेभावाची बिलं चुकीच्या वेळेची निघाली, आज शिव्या खाल्ल्या.

पेठेतला_पेंग्विन
वायफायची चिप ब्रॉडकॉमची असणार. मोबाईल केबलनं लाव, यूएसबी टेदरिंग चालू कर, काही न टाकता नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधनं चिपचा ड्रायव्हर घे.

घड्याळाचं कारण सोपं हाय. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तिथं आपली वेळ आहे असं धरून चालतं, फरक बरोबर साडेपाच तास. टर्मिनलमधे टाइमडेटसीटीएल ही कमांड, तिच्यानंतर सेट-लोकल-आरटीसी आणि १, आणि सगळ्याच्या आधी सुडो लावून. लिनक्स तक्रार करंल की असं करणं बरं न्हाई, करू दे. तुला दुसऱ्याच्या मशीनवर राहायचंय तर त्याच्या घड्याळानं चाल.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
दोन्ही झालं. बिलावर टाइम बरोबर येतोय, बघून घेतलं. फक्त दुकानच्या डी ड्राईव्हमधली फाईल उघडते पण सेव्ह होत न्हाई, रीड ओन्ली म्हणतंय.

रंकाळा_रिपेअर
विंडोजमधे फास्ट स्टार्टअप चालू असणार. ते विंडोजला खरं बंद करतच न्हाई, अर्धवट झोपवतं, म्हणून लिनक्स त्या ड्राईव्हवर काय लिहीत न्हाई. कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शनमधनं बंद कर, आत्तेभावाला सांगून.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
सांगितलं. म्हणाला कर, पण आधी माझं ते लग्नपत्रिकेचं सेटिंग सेव्ह होऊ दे.